तोंडातली पुळी, गाठ, चट्टा: कुणाला लगेच पाठवायचं, कुणाला थांबा म्हणायचं?

करवीरची_आशा
३० वर्षांवरच्या लोकांचे सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका तपासायचे सरकारी फॉर्म) भरताना तोंडाचे प्रश्न येतात: दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, तोंड उघडायला त्रास होतो का. पण लोक दाखवतात भलतंच. ओठाच्या आत पाण्याची पुळी, टाळूवर टणक उंचवटा, गालात पिवळे दाणे. आणि ज्याच्या तोंडात खरोखर चट्टा असतो तो "दुखत न्हाई की, मग कशाला" म्हणून तोंडच उघडत नाही. सरसकट सगळ्यांना कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात धाडलं तर पुढच्या वेळी कुणी ऐकणार नाही. फरक ओळखायचा कसा?

दंतवैद्य_राजारामपुरी
ताई, आधी बघायची रीत. कवळी असेल तर काढायला लावा, चूळ भरू द्या. टॉर्च लावून ओठ उलटे करा, दोन्ही गाल आतून बघा, मग जीभ वर, बाहेर, डावीकडे, उजवीकडे. जिभेचं टोक गॉजने धरून बाजूला ओढलं नाही तर मागची कड दिसत नाही, आणि नेमकी तीच कड महत्त्वाची. शेवटी हातमोजा घालून बोट फिरवा. नुसत्या डोळ्यांनी निम्मंच कळतं.

टाळूच्या मधोमध हाडासारखा टणक, वर्षानुवर्षं तसाच असलेला उंचवटा हाडाचाच असतो. कवळी बसवताना आड आला तरच त्याचं काही करायचं. ओठाच्या नि गालाच्या आतले पिवळसर बारीक दाणे म्हणजे तेलग्रंथी. त्यांना औषध नाही, गरजही नाही. जिभेच्या अगदी मागे उलट्या 'व्ही'सारखे ८ ते १२ मोठे उंचवटे सगळ्यांनाच असतात. आरशात जीभ फार बाहेर काढली की ते दिसतात आणि माणूस घाबरतो.

खालच्या ओठातली निळसर, मऊ, फुटून परत भरणारी पुळी ही लाळेची. ओठ चावला की बारीक लाळग्रंथीची नळी तुटते आणि लाळ आतच साठते. सुईने फोडली तर पुन्हा येणारच, ती ग्रंथीसकट काढावी लागते. घाई नाही. हिरडीवरची पू येणारी पुळी मात्र दाताच्या मुळाची असते. नुसत्या अँटिबायोटिकने ती बसते आणि महिन्याभरात परत उठते. रूट कॅनाल करा नाहीतर दात काढा, तिसरा मार्ग नाही.

सीएचओ_पन्हाळा
"दुखत न्हाई" हेच कारण घेऊन माणसाला पाठवा. साधं तोंड येतं तेव्हा फोड एका सेंटीमीटरच्या आतला, गोल, मध्ये पिवळट, कडेला लाल आणि भयंकर झोंबणारा असतो. ७ ते १४ दिवसांत जातो. कर्करोगाची सुरुवात बहुतेकदा मुकाट असते.

तंबाखूचा बार भरायची जागा विचारा आणि तिथंच बघा. पांढरा चट्टा गॉजने पुसा. निघाला आणि खाली लाल दिसलं तर बहुधा बुरशी: कवळी रात्रीही न काढणारे, मधुमेही, दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणारे. निघालाच नाही तर दाखवायलाच हवा. मखमलीसारखा लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा, त्याला दोन आठवडेही देऊ नका.

मावा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्याला स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांत घालायला सांगा. जात नसतील, गाल आतून पांढुरका नि दोऱ्या ताणल्यासारखा लागत असेल, तांबडा रस्सा सोडाच पण साधी आमटीही झोंबत असेल, तर सुपारीने आतली कातडी आवळत चालली आहे. "तंबाखू न्हाई, नुसती सुपारी" ही सबब इथं चालत नाही, कारण हा आजार सुपारीचाच आहे. सोडल्यावर झालेलं पूर्ण सुटत नाही, फक्त वाढायचं थांबतं.

औषधवाला_शाहूपुरी
आमच्याकडे "उष्णता झालीया" म्हणून बी-कॉम्प्लेक्स मागतात. वरचेवर तोंड येत असेल तर हिमोग्लोबिन, बी१२, लोह तपासायला सांगा, गोळ्यांचा अंदाज नको. तोंड आल्यावर लावायची ट्रायमसिनोलोन ०.१ टक्क्याची पेस्ट जेवणानंतर आणि झोपताना, जागा गॉजने टिपून, न चोळता नुसती टेकवायची. चोळली की भुगा होऊन निघून येते. बुरशी किंवा नागिणीसारखे पाण्याचे फोड असतील तिथं ती लावू नये. चूळ भरायचं क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के असेल तर १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, ब्रश केल्यावर अर्ध्या तासाने. जास्त दिवस वापरलं की दात तपकिरी दिसतात. लवंगेचं तेल किंवा अॅस्पिरिनची गोळी फोडावर ठेवू देऊ नका, त्याने कातडी भाजते.

गोळ्यांची पिशवीही बघा. हृदयाची निकोरँडिल चालू असेल तर तिनेही हट्टी फोड येतात. सांधेदुखीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाची असते. ती कुणी चुकून रोज घेत असेल आणि तोंड सोलपटलं असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

करवीरची_आशा
आणि तुटका दात लागून जिभेला जखम झाली असेल तर?

दंतवैद्य_राजारामपुरी
दात घासून गुळगुळीत करायचा आणि बरोबर दोन आठवड्यांनी परत बघायचं. जखम भरली तर दोष दाताचा. नाही भरली तर तुकडा काढून तपासणी. कड उचललेली, तळ कडक किंवा मानेत गाठ असेल तर हे दोन आठवडेही थांबायचं नाही. "तुकडा काढला की रोग पसरतो" हे घरोघरी ऐकाल. ते खोटं आहे, आणि त्यापायीच माणसं उशिरा येतात.

चिठ्ठीवर नेमकी जागा, मिलिमीटरमध्ये माप, रंग, कडक की मऊ आणि कधीपासून हे लिहा. फोटो काढताना शेजारी पट्टी धरा.