मदत हवी आहे : पॅरा एसएफमध्ये जायचंय, तयारी कशी करू?

कोरेगावचा_पाईक
नमस्कार मंडळी. वय १९, बारावी पास, जिल्हा सातारा. पॅरा स्पेशल फोर्सेसमध्येच (पॅरा एसएफ, लष्कराचे कमांडो) जायचं ठरवलंय. १६०० मीटर सध्या ६:०५ मिनिटांत निघतं, बीम (पुल-अप्स) ६. एक अकॅडमी 'थेट पॅरा एसएफ भरती'ची वेगळी फी मागतेय. अशी भरती असते का? की मार्कोस, गरुड किंवा एनएसजी या बाकीच्या कमांडो दलांकडे बघू? आणि सॅकमध्ये वजन घालून पळायला लागल्यापासून नडगी दुखतेय. काय करू?

भरती_मार्गदर्शक
फी अजिबात देऊ नकोस. पॅरा एसएफची थेट भरती होत नाही. जवान म्हणून रस्ता अग्निवीरचाच : आधी ऑनलाइन लेखी, मग ग्राउंड (शारीरिक चाचणी), मग मेडिकल. सातारा कोल्हापूरच्या भरती कार्यालयाकडे येतो. निवड झाल्यावर काही मुलं पॅराशूट रेजिमेंटला मिळतात, त्यांचं प्रशिक्षण बेंगळुरूला होतं. दुसऱ्या रेजिमेंटमध्ये गेलास तरी स्वेच्छेने पॅरासाठी नाव देता येतं, फक्त युनिटची परवानगी लागते. दोन्हीकडून आलेल्यांना प्रोबेशन (कमांडो होण्याआधीचा कसोटीचा काळ) चुकत नाही. अग्निवीरची मुदत ४ वर्षं आणि पुढे जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, हे घरच्यांना आत्ताच सांग. अधिकारी म्हणून जायचं असेल तर पदवी पूर्ण कर आणि सीडीएस (अधिकारी भरतीची लेखी परीक्षा) दे.

मार्कोससाठी आधी नौदलात, गरुडसाठी आधी हवाई दलात जावं लागतं. एनएसजीत लष्कर आणि केंद्रीय पोलीस दलांतून प्रतिनियुक्तीवर घेतात. यातलं सोपं एकही नाही.

लेखीकडे दुर्लक्ष करू नकोस. ती आधी होते, त्यामुळे ग्राउंडचे चांगले पळणारे कित्येक जण तिथेच गळतात.

चारशे_मीटर
ग्राउंडचं गणित असं : १६०० मीटर ५:३० च्या आत आलं तर ६० गुण, १० बीमला ४०. नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी आणि झिगझॅग बॅलन्स (नागमोडी पट्टीवर तोल सांभाळत चालणं) फक्त पास व्हायचे.

५:३० म्हणजे ४०० मीटरचा प्रत्येक राउंड ८२ सेकंदांत. बहुतेक मुलं गर्दीच्या जोशात पहिला राउंड ७० ला काढतात आणि तिसऱ्यात पाय जड होतात. तुझा सध्याचा राउंड साधारण ९१ चा आहे. आठवड्यातून एकदा ४०० चे ६ राउंड ८८ सेकंदांनी मार, मध्ये दीड-दोन मिनिटं चाल. सहाही एकसारखे निघाले की मगच दोन सेकंद कमी कर. बाकी दिवस सावकाश पळ, बोलता येईल इतकं. रोज जीव खाऊन १६०० मारत बसलास तर वेळ अडकून राहील.

बीमसाठी रोज ३-३ चे पाच-सहा सेट, दिवसभरात विखरून. हात पूर्ण सरळ करून लटक, हनुवटी बारच्या वर आण. झोका दिलेला बीम मोजत नाहीत.

पाय_आणि_पिट्टू
नडगीचं आधी बघू. एका बोटाने हाड वरून खाली दाबत ये. दुखणं लांब पट्टीत पसरलेलं असेल तर स्नायू-आवरणावर ताण आहे. पण नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर ते हाडाचं बारीक फ्रॅक्चर असू शकतं.

कोरेगावचा_पाईक
एकाच जागी दुखतं, गुडघ्याच्या बरंच खाली, आतल्या बाजूला. एका पायावर उडी मारली तर जास्त.

पाय_आणि_पिट्टू
मग आजपासून पळणं आणि वजन दोन्ही बंद, आणि याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव. सुरुवातीचा एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो, म्हणून 'काही नाही' समजून परत पळू नकोस. पेनकिलर खाऊन ग्राउंड करणं तर सगळ्यात वाईट, त्याने चीर वाढते. तोवर डॉक्टर हो म्हणाले तर पोहणं, बीम आणि लेखीचा अभ्यास.

बरं झाल्यावर वजन घेऊन पळायचं नाही, चालायचं. सुरुवात ६ किलो, ५ किलोमीटर, आठवड्यातून एकदाच. वाढवायचं ते एक तर वजन किंवा अंतर, दोन्ही एकदम कधीच नाही. डंबेल टाकू नकोस, ते पाठीत बसतात. वाळू दोन पिशव्यांत बांध, टॉवेलमध्ये गुंडाळ आणि सॅकमध्ये खांद्यांच्या पात्यांजवळ, पाठीला चिकटून बसेल अशी ठेव. खाली लोंबणारं वजन तुला पुढे वाकवतं आणि कंबर धरते. अजिंक्यताऱ्याचा चढ चांगला आहे, पण उतरताना पळू नको. नडगी आणि गुडघ्यावर सगळा मार उतारात बसतो.

फोड आला तर वरची कातडी सोलू नकोस. निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढ, कातडी तशीच ठेव, पट्टी लाव. नवे बूट घालून लांब चाल करू नकोस.

भरती_मार्गदर्शक
प्रोबेशनबद्दल एवढंच : साधारण ३ महिने, अपुरी झोप, पिट्टू (पाठीवरची सैनिकी सॅक) आणि हत्यारासह लांब चाली, आणि त्या थकव्यात नकाशा व सिग्नलची कामं. बरेच जण मूळ युनिटला परत जातात. टिकलेल्यांना मरून टोपी आणि पॅरा एसएफची खूण असलेला बलिदान बिल्ला. पॅराशूटचा बेसिक कोर्स आग्र्याला, ५ उड्या, त्यातली एक रात्रीची.

चारशे_मीटर
एक राहिलं. ग्राउंडच्या आधी 'ताकदीची' इंजेक्शनं आणि गोळ्या विकणारे भेटतात. हात लावू नकोस, हृदयावर बेततं. उन्हात कष्ट केल्यावर लघवी चहासारखी गडद झाली तर ते स्नायू तुटल्याचं लक्षण असू शकतं, थेट दवाखाना गाठ. आणि घाम खूप गेला असताना नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पिऊ नकोस, त्याने रक्तातलं मीठ घसरतं. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालव.