'संशयाचा फायदा': संशय नेमका कोणावर?

रानवारा (धागाकर्ता)

फौजदारी खटल्यांच्या मराठी बातम्यांत एक वाक्य ठरलेलं आहे: 'संशयाचा फायदा देत न्यायालयाने आरोपीची निर्दोष मुक्तता केली.' हे वाचणाऱ्याच्या मनात काय येतं? केलं त्यानेच असणार, पण सुटला.

मूळ इंग्रजी शब्दप्रयोग 'बेनिफिट ऑफ डाउट' असा आहे. यातला डाउट आरोपीवर नाही. सरकार पक्षाने जी कहाणी मांडली तिच्याबद्दल न्यायाधीशांच्या मनात उरलेला तो डाउट. आरोपीकडे जे बोट दाखवलं जातं त्याला इंग्रजीत सस्पिशन म्हणतात. 'आय डाउट ही डिड इट' म्हणजे त्याने हे केलं असेल असं मला वाटत नाही. 'आय सस्पेक्ट ही डिड इट' म्हणजे त्यानेच केलं असावं. दोन शब्दांचा कल एकमेकांच्या उलट आहे आणि आपण दोन्हीकडे 'संशय' लिहून मोकळे होतो. ज्याला पकडलं तो 'संशयित', आणि तो सुटला तोही 'संशयाचा फायदा' घेऊन. म्हणजे सुटल्यावरही तो शब्द त्याची पाठ सोडत नाही.

कायद्याचं इंग्रजी याबाबत फार काटेकोर आहे. वॉरंटाशिवाय अटक करायला 'रीझनेबल सस्पिशन' चालतं. आरोप निश्चित करताना साधा संशय पुरत नाही, तो 'ग्रेव्ह', म्हणजे गंभीर हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली प्रफुल्लकुमार सामल प्रकरणात सांगितलं. शिक्षेच्या वेळी मात्र सस्पिशन कितीही दाट असलं तरी ते पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. तिथे प्रश्न डाउटचा असतो, वाजवी डाउट उरतो की नाही एवढाच. हा सगळा चढ मराठीत एका शब्दात सपाट होतो. माझं म्हणणं: 'संशयाचा फायदा' लिहिणं बंद करावं, 'शंकेचा फायदा' लिहावं.

काळा कोट

मी फौजदारी वकिली करते. धाग्यामागची कळकळ पटते, उपाय पटत नाही.

बेनिफिट ऑफ डाउटचा डाग इंग्रजीतही लागतोच. पोलीस भरतीतल्या मुलांना विचारा. निर्दोष सुटलेला उमेदवार कागद घेऊन जातो आणि नेमणूक करणारं खातं विचारतं, सुटका 'ऑनरेबल', म्हणजे सन्मानाची आहे का? २०१२ साली समुथिरम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच म्हटलं की 'ऑनरेबल ॲक्विटल' हा शब्दप्रयोग फौजदारी प्रक्रिया संहितेला ठाऊक नाही. तरीही त्याच निकालात, साक्षीदार फितूर झाल्यामुळे सुटलेल्या पोलिसाची सुटका सन्मानाची धरली नाही. सगळं इंग्रजीतच चाललं होतं, डाउट आणि सस्पिशन वेगळे ठेवून. मराठी बातमीतला शब्द बदलून त्या मुलाला नोकरी मिळणार नाही.

सांजवेळ

इंग्रजी शब्दांचे कल तरी कुठे कायम आहेत? हॅम्लेटला कळतं की बापाचं भूत चिलखत घालून फिरतंय, तेव्हा तो म्हणतो, 'आय डाउट सम फाउल प्ले.' काहीतरी घातपात झाला असावा, असा त्याचा अर्थ. आज तिथे सस्पेक्ट येईल. जुन्या इंग्रजीत डाउटला भीतीचीही छटा होती. स्कॉटलंडमध्ये अजूनही 'आय डाउट इट विल रेन' म्हणणारा माणूस पाऊस येणार असं सांगत असतो. आणि 'नो डाउट' घ्या. शब्दशः पाहिलं तर खात्री, पण वापरात बहुतेकदा 'असेलही, पण...' एवढंच. खात्री दाखवायची तर 'अनडाउटेडली' लागतं. तेव्हा इंग्रजीत सगळं आखून ठेवलंय आणि मराठी ढिसाळ, असं मला तरी दिसत नाही.

शिवाय 'शंका' काय सोवळी आहे? 'बायकोच्या चारित्र्यावर शंका घेऊन' ही ओळ त्याच वर्तमानपत्रांत असते.

गणिताचा मास्तर

माझ्या वर्गात मुलं 'सर, डाउट आहे' म्हणतात तेव्हा त्यांना प्रश्न असतो, अविश्वास नव्हे. 'काही शंका?' या आपल्या जुन्या सवयीतून ते आलंय आणि भारतीय इंग्रजीत ते रुजलंय. फक्त परदेशी शिकायला जाणाऱ्यांना मी सांगतो की तिथे प्राध्यापकाला 'आय हॅव अ डाउट' म्हणू नका, त्यांच्या विधानावर विश्वास नाही असं ऐकू जाईल. तर 'शंका' हा शब्द आपल्याकडे मुळात मवाळ आहे. रानवारा यांच्या बाजूने माझं मत.

रानवारा

@सांजवेळ, चारित्र्यावर शंका 'घेतात', पण पुराव्याबद्दल शंका 'येते'. मराठीला हा भेद जमतो. नुसती शंका नको, ती कशाबद्दल हे लिहा: 'पुराव्याबद्दल वाजवी शंका उरल्याने निर्दोष मुक्तता.' हॅम्लेटच्या काळी काय होतं याने आजच्या बातमीतल्या माणसाचं काही हलकं होत नाही.

@काळा कोट, ताई, नोकरीचा मुद्दा खरा आणि गंभीर आहे. पण खात्यातला अधिकारी, सोयरीक जमवणारे, घर भाड्याने देणारे हे सगळे निकालपत्र वाचत नाहीत, बातमी वाचतात. १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी सांगितलं की आरोपी 'दोषी असू शकतो' आणि 'दोषी असलाच पाहिजे' यांतलं मनातलं अंतर मोठं आहे. 'संशयाचा फायदा' हे शब्द वाचकाला त्या अंतराच्या चुकीच्या टोकाला नेऊन उभे करतात.

काळा कोट

बोबडे निकाल अर्धाच सांगितलात. त्याच निकालात अय्यर यांनी हेही बजावलं आहे की संशयाच्या फायद्याच्या तत्त्वाची अतिरेकी भक्ती नको. अपराधी सहज सुटू लागले तर समाजाचा न्यायावरचा विश्वास उडतो. म्हणजे प्रत्येक सुटका स्वच्छ दाखवणं हाही न्याय नव्हे. तीन साक्षीदार उलटले म्हणून सुटलेला आणि मुळात घटनास्थळी नसलेला, दोघांनाही तुमचं वाक्य एकाच मापाने लागू होतं. फिर्यादी बाईने ती बातमी कशी वाचायची?

त्यापेक्षा वार्ताहराने कारण लिहावं. साक्षीदार फितूर झाले, ओळख परेड सदोष होती, वैद्यकीय पुरावा जुळला नाही, जे असेल ते. निकालपत्रात ते लिहिलेलं असतं.

रानवारा

कारण लिहावं, याला पूर्ण पाठिंबा. पण मथळ्यात कारण मावत नाही, तिथे शब्दच लागतो. आणि साक्षीदार उलटल्याने सुटलेल्या माणसावरही गुन्हा सिद्ध झालेला नसतोच. फिर्यादी बाईंचा राग तपासावर आणि साक्षीदारांना न मिळालेल्या संरक्षणावर निघायला हवा. 'संशयाचा फायदा' म्हणून तो राग सुटलेल्या माणसाकडे वळवला, तर तपास ज्यांनी बिघडवला त्यांना कोणी विचारतच नाही.