विषय: नेरुळ ते ऐरोली रोज सायकलने, कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आम्ही नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचं बिऱ्हाड आवरून नवी मुंबईत नेरुळला परत येतोय. नवं ऑफिस ऐरोली स्टेशनजवळ आहे. घरापासून एका बाजूने साधारण १५-१६ किलोमीटर. इथे आठ वर्षं ऊन असो, पाऊस असो, सायकलनेच कामावर गेलो. ही सवय मोडायची नाही असं ठरवलंय. घरचे म्हणतात नेरुळहून ऐरोलीला थेट ट्रेन आहे, मग हा खटाटोप कशाला? पण मला सायकलच हवी आहे.

माझी इथली सायकल मजबूत आहे. सातही गिअर मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यात, म्हणजे हबच्या आत, पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो, चेन पूर्ण झाकलेली. ती विमानाने आणावी का? की तिथेच नवी घ्यावी? घ्यायची तर बारीक टायरची रोड बाइक, मधली हायब्रिड की डोंगरवाटांची एमटीबी? मंडळातले जे परत गेलेत आणि तिकडे सायकल चालवतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

आइंडहोवनहून,
एक सभासद

---

अरे, तू येतोयस हे वाचून फार बरं वाटलं. मी २०१९ला परतले. त्यानंतर चार वर्षं नेरुळ ते महापे सायकलने नोकरी केली, म्हणजे तुझ्याच वाटेवर. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

> ती विमानाने आणावी का?

नको आणूस. सायकल वाईट आहे म्हणून नव्हे. त्या झाकलेल्या चेनचा तर मला हेवा वाटतो. जुलैत आपल्याकडे उघडी चेन दोन दिवसांत तांबूस होते. टायरही अडणार नाहीत, तुझ्या सायकलला बहुतेक ६२२ची (मिलिमीटर व्यासाची) रिम असेल, आणि ७००सी म्हणून इथे जी मिळते ती हीच. अडेल ते हबच्या पोटात. तिथला एखादा दात तुटला किंवा गिअर सरकायला लागला, तर तो हब उघडणारा माणूस तुला नेरुळपासून ऐरोलीपर्यंत शोधावा लागेल. आणि सायकल रोजची असली की तिला आठवडाभर दुकानात ठेवणं परवडत नाही. शिवाय वजन वीस किलोच्या घरात, म्हणजे एक अख्खी बॅग तिच्यातच गेली.

मी पहिल्या वर्षी जी चूक केली ती तू करू नकोस. २५ मिलिमीटर टायरची रोड बाइक घेतली. मार्चपर्यंत पाम बीच रोडवर ती अशी पळायची की काय सांगू! जुलैत एका संध्याकाळी तुर्भ्याच्या पुढे रस्त्यावर पाणी साचलं होतं. त्याखाली खड्डा आहे हे चाक आत गेल्यावरच कळलं. ट्यूब फुटली आणि रिम अशी वाकली की चाक ब्रेकला घासायला लागलं. मी नशिबाने डावीकडे पडले, उजवीकडे ट्रक होते. ती सायकल खांद्यावर घेऊन जुईनगरपर्यंत चालत आले. कोपऱ्यावर एक काका बसतात, त्यांनी तासभर बसून चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला. पण ट्यूबचा व्हॉल्व्ह होता प्रेस्टा, बारीक तोंडाचा. त्यांच्या पंपाचं तोंड त्याला बसेना आणि हवा भरता येईना. एवढंसं पितळी ॲडॅप्टर जवळ असतं तर त्या रात्री सायकल चालवत घरी आले असते.

पुढच्याच महिन्यात हायब्रिड घेतली, ७०० बाय ३८ टायरची, आणि अजून तीच चालवते. वेग ताशी दोन-तीन किलोमीटरने कमी झाला असेल, तेवढाच. हवा पन्नास-साठ पीएसआय ठेवते, पावसात थोडी कमी. एमटीबीच्या नादी लागू नकोस. पुढचं सस्पेंशन स्वस्त सायकलमध्ये नुसतं वजन असतं, आणि सोळा किलोमीटर तू दर पायडलला ते दाबत राहशील.

दुकानात गेलास की आधी गिअर मोजू नकोस. आधी फ्रेमला मागच्या चाकापाशी मडगार्ड आणि कॅरियरसाठी भोकं आहेत का ते बघ. बऱ्याच देखण्या सायकलींना ती नसतात. मडगार्ड पूर्ण लांबीचे हवेत. सीटखाली चिकटवतात ते आखूड चालणार नाहीत, नाहीतर एमआयडीसीतला चिखल पाठीवर घेऊन ऑफिसला पोचशील. पाठीवर सॅकही नको, ऑक्टोबरच्या उकाड्यात शर्टाचं पोतेरं होतं. कॅरियरला लटकणाऱ्या पिशव्या तिकडूनच आण, इथल्यापेक्षा चांगल्या मिळतात. दोन टायरही आण, श्वाल्बेचे मॅरेथॉन प्लस. त्यांच्यात रबराचा पाच मिलिमीटरचा जाड थर असतो. ट्रकच्या टायरमधून सुटलेल्या बारीक तारांनी इथे फार पंक्चर होतं.

ब्रेक डिस्कच घे, पण केबलवाले. रिमचे ब्रेक पावसात उशिरा धरतात, आणि रस्त्यावरची रेती पॅडमध्ये अडकून रिमच खाते. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) उत्तम असतात, पण त्यांच्यातली हवा काढायला वेगळं दुकान लागतं. केबल कोणीही बदलतं.

आता रस्त्याबद्दल. पाम बीच पहाटे सहाला स्वर्ग आहे, थंडीत खाडीत फ्लेमिंगो दिसतात. संध्याकाळी सातला मात्र गाड्या इतक्या वेगाने अंगावरून जातात की मी त्या वेळी तिथे जाणं सोडून दिलंय. ठाणे-बेलापूर रोडवर ट्रक. त्यातही जपायचं ते डावीकडे वळणाऱ्या ट्रकला. ड्रायव्हरला त्या बाजूची सायकल दिसत नाही, म्हणून सिग्नलला त्याच्या डावीकडे कधीच उभा राहू नकोस. मी सानपाडा, वाशी, कोपरखैरणे, घणसोली असं वसाहतींच्या आतल्या रस्त्यांनी जायचे. दोन-तीन किलोमीटर वाढतात, पण घरचे निर्धास्त असतात.

तुझी ताई, नेरुळ

---

ताईंच्या पत्राला थोडी पुरवणी.

मी कळव्याला राहतो, वय ६१, विटाव्यावरून ऐरोलीला दोन वर्षं सायकलने जातो आहे. गिअर मोजू नकोस हे खरं, पण गिअर असू देत. रस्ता सपाट असला तरी पावसाळ्यात वारा नैऋत्येचा असतो. तू सकाळी उत्तरेकडे जाशील तेव्हा तो पाठीशी असेल. संध्याकाळी दमून परतताना तोच तोंडावर येईल, आणि उड्डाणपुलांचे चढ आहेत ते वेगळेच. पुढे एक दातेरी चक्र आणि मागे आठ एवढं पुरे. आठवाली चेन स्वस्त असते आणि कुठेही मिळते, ही गोष्ट महत्त्वाची आहे कारण आपल्याकडे पावसाळ्यानंतर चेन बदलावीच लागते.

गुडघ्यांचा प्रश्न असेल तर ई-सायकलचा विचार जरूर कर. मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल तर लायसन्स, नोंदणी काही लागत नाही. माझी तशीच आहे. तिकडची ई-सायकल मात्र विमानाने येणार नाही. १६० वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी सामानात चालत नाही, आणि सायकलच्या बॅटऱ्या सहसा चारशेच्या पुढे असतात. कुणीतरी बॅटरी काढून नुसती सायकल आणायला सांगेल, तसं करू नकोस. इथे त्या सायकलची जोडीची बॅटरी मिळवताना नाकी नऊ येतात.

ताईंच्या पत्रात एक गोष्ट राहिली. रोजच्या माणसाने ट्रेनला नाही म्हणू नये. धो धो पावसात मी सायकल घरी ठेवतो. विटाव्याला रेल्वेपुलाखाली पाणी भरतं, तेव्हा तिथून कुणीच जाऊ नये.

कळव्याचा काका

---

ताई, काका, दोघांचे मनापासून आभार. इथली सायकल शेजारच्या मुलाला देतोय. हायब्रिड, ३८चे टायर, केबल डिस्क, मागे आठ गिअर, एवढं पक्कं झालं. टायर आणि पिशव्या आणतो. ताई, पिशव्यांचे हुक अडकवायचे तर तुमच्या कॅरियरची नळी किती जाड आहे? आणि फ्रेमचं माप ऑनलाइन बघून ठरवू का? माझी उंची पाच फूट सहा इंच.

---

काका, ट्रेनचं तुमचं बरोबर आहे, माझं लिहायचं राहिलं. २६ जुलै २००५चा पूर जिने पाहिलाय तिने तरी हट्ट धरू नये.

नळी आत्ताच मोजली, दहा मिलिमीटर. फ्रेम उंचीवरून ठरवू नकोस, पायाच्या आतल्या लांबीवरून ठरव. भिंतीला टेकून अनवाणी उभा राहा, पुस्तक मांड्यांमध्ये घट्ट वर धर आणि तिथून जमिनीपर्यंत मोज. त्याला ०.८८ने गुण, म्हणजे पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटपर्यंतची उंची निघेल. तो आकडा मला कळव. तू आल्यावर पहिल्या रविवारी सीट तेवढी लावून ठेवते, पहाटे साडेपाचला ये आणि माझी सायकल करावेपर्यंत चालवून बघ. मगच दुकानात जाऊ.