रानबोरं वाळवली की व्हिटॅमिन सी जातं का? आणि आठळीतला मगज द्यावा का? (मदत हवी आहे)

मंडळी, माहेर पारोळ्याकडचं. आईने बांधावरची रानबोरं पाठवलीत दोन पिशव्या भरून. मेहरूणच्या बोरांसारखी गोड नाहीत, आधी आंबट लागतात आणि मग जीभ अशी तुरट होते की पाणीच प्यावं लागतं. अर्धी पोरांनी संपवली, उरलेली बोरकूट करायला गच्चीवर जुन्या साडीवर पसरलीत. तर नवरा म्हणतो उन्हात सगळं व्हिटॅमिन सी जाणार, मग खायची कशाला?

दुसरं, सासऱ्यांना रात्री झोप नाही, डॉक्टरांची गोळी चालू आहे. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की बोराच्या बिया दळून दुधातून घेतल्या की झोप लागते, चीनमधे घेतात म्हणे. तेव्हापासून पोरांनी थुंकलेल्या आठळ्या धुऊन डब्यात जमवतायत 😀 काल अडकित्त्याने फोडायला गेले तर एक उडून थेट टीव्हीवर. काय करू?

प्रतिसाद 1:
नवरोबा अर्धे बरोबर. ताज्या बोरात 100 ग्रॅमला साधारण 70-75 मिलिग्रॅम सी धरतात, संत्र्यापेक्षा जास्तच, पण त्याला ऊन, उष्णता, हवा काहीच सोसत नाही. मात्र बोरातलं अँटीऑक्सिडंट (पेशींची झीज रोखायला मदत करणारे घटक) म्हणजे नुसतं सी नव्हे हो, जीभ ज्याने तुरट होते ते टॅनिनपण त्यातलंच आणि ते वाळवून सगळं जात नाही, फायबर तर राहतंच. सावलीत वाळवा, आणि आधी थोडी फोडून बघा, आत अळी असते बऱ्याचदा.

प्रतिसाद 2:
ताई, चीनवालं बी वेगळं. ते स्वान-झाओ-रेन, झिझिफस जुजुबा या बोराच्या जातीच्या काटेरी रानटी प्रकाराचा मगज, कवच काढून, बरेचदा भाजून काढ्यात घालतात. आपलं बोर झिझिफस मॉरिशियाना जातीचं, बांधावरचं बुटकं झुडूप असेल तर झिझिफस नुम्मुलारिया. चुलत भावंडं आहेत, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू धरू नका. आख्खी आठळी दळून तर अजिबात नको, दगड आहे तो. आणि झोपेच्या गोळीवर अजून काही झोपेचं घेतलं तर गुंगी वाढू शकते, आधी डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ती:
थँक्यू दोघांना. साडी सावलीत ओढली. सासऱ्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, मग आठळ्या मागच्या अंगणात पेरतो. आता एकच सांगा, बोरकूट खलबत्त्यात कुटताना आठळीच्या कपच्या येतात त्याला काय करता? मिक्सरचं पातं मागच्या वर्षी गेलंय.