एसएफ६ ब्रेकर: ड्यू पॉइंट मीटरचं रीडिंग थांबतच नाही

प्रश्न (अंबड, नाशिक): १३२ केव्ही ब्रेकर (वीजप्रवाह तोडणारा स्विच, आत एसएफ६ म्हणजे सल्फर हेक्साफ्लोराइड वायू), गेजवर ५ बार. पोर्टेबल मीटर लावल्यावर ड्यू पॉइंट (वायूतलं बाष्प गोठू-साचू लागतं ते तापमान; जितकं खाली तितका वायू कोरडा) उणे १४ अंश, २० मिनिटांनी उणे ३१, अजून खाली सरकतंय. हवा पावसाळी. कोणता आकडा नोंदवू?

उत्तर: सध्या कोणताच नाही. नळी रबर किंवा पीव्हीसीची असेल तर आधी बदला, तिच्या भिंतीतून बाष्प झिरपतं. टेफ्लॉन किंवा स्टेनलेस स्टीलची, जमेल तितकी आखूड घ्या. कपलिंग कोरड्या कापडाने पुसा, ओ-रिंगवर चीर आहे का बघा. आत ५ बार आहे म्हणून बाहेरची ओल शिरणार नाही, हा समज सोडा. बाष्प आपल्या आंशिक दाबाने (मिश्रणात त्याच्या एकट्याच्या वाट्याचा दाब) सरकतं आणि तो बाहेरच जास्त असतो. वायूचा प्रवाह ड्यू पॉइंट मीटरच्या पुस्तिकेत दिलाय तेवढाच ठेवा.

उत्तर: सुई व्हॉल्व्ह (प्रवाह कमी-जास्त करणारी बारीक झडप) मीटरच्या सेन्सरच्या आधी आहे की नंतर? आधी असेल तर रीडिंग वातावरणीय दाबाचं, नंतर असेल तर ब्रेकरच्या दाबाचं. जो वायू वातावरणीय दाबाला उणे ३६ दाखवतो, तोच गेजच्या ५ बारला उणे १८ च्या आसपास दाखवेल. त्यामुळे अंशांशेजारी दाब लिहाच. आणि कृपा करून वायू हवेत सोडू नका, बाहेर येणारा बॅगेत गोळा करा. हरितगृह वायू म्हणून तो कार्बन डायऑक्साइडच्या २० हजार पटींहून घातक आहे.

प्रश्नकर्ता: नळी पीव्हीसीचीच होती. टेफ्लॉन लावली, व्हॉल्व्ह आधी आहे. १५ मिनिटांत उणे ३९ वर स्थिर.