मदत हवी आहे : प्रेशर वॉशिंगसाठी बंद बॉडीची पिकअप बांधतो आहे, टाकी किती लिटरची असावी आणि इंजिन कुठे बसवावे?

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षे मी नाशिकमध्ये प्रेशर वॉशिंगची कामे घेतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतील फरशा, गंगापूर रोड व इंदिरानगर भागातील सोसायट्यांची पार्किंग आणि द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव बसवंत व दिंडोरीकडची पॅकहाउस (द्राक्षे निवडून पेट्यांत भरण्याच्या शेड), असे साधारण कामाचे स्वरूप आहे. आतापर्यंत छोट्या हत्तीच्या उघड्या हौद्यात ५०० लिटरची टाकी पट्ट्यांनी आवळून काम भागवले. परंतु पावसाळ्यात सामान भिजते आणि रात्री गाडी बाहेर उभी राहिली की गन व नोझल चोरीला जातात (दोनदा गेली), म्हणून कंटेनर बॉडी असलेली जुनी पिकअप घेतली आहे. फॅब्रिकेटरला लोखंड कापायला सांगण्यापूर्वी येथे विचारलेले बरे, असे वाटले.

यंत्र २०० बार दाबाचे, मिनिटाला १५ लिटर पाणी देणारे असून त्यावर १३ एचपीचे पेट्रोल इंजिन आहे. या वेगाने हजार लिटर पाणी तासाभरात, फार तर पाच-सात मिनिटे अधिक, इतकेच पुरते. उन्हाळ्यात पॅकहाउसवाले स्वतःच टँकरची वाट पाहत असतात आणि सोसायटीचे सेक्रेटरी नळ उघडताना आपल्याकडे ज्या नजरेने पाहतात ती येथील व्यावसायिकांना ठाऊक असेलच. त्यामुळे ‘हजाराची टाकी घ्याच’ असे जो तो सांगतो. मात्र गाडी वजनकाट्यावर नेली तेव्हा रिकामे वजन २,१५० किलो भरले आणि आरसीवर एकूण वजनाची मर्यादा ३,४९० किलो आहे. म्हणजे हाती उरतात १,३४० किलो. हजार लिटर पाण्याचे हजार किलो, टाकी व तिच्या सांगाड्याचे ११०, इंजिनसह यंत्राचे १००, पाइपसह दोन रीलचे ७०, सरफेस क्लीनर (फरशीवर फिरवायचे धुण्याचे उपकरण), केमिकल व पेट्रोल मिळून ८० आणि मी व कामाला असलेली दोन मुले धरून २००, अशी बेरीज १,५६० होते. फॅब्रिकेटरचे म्हणणे असे की, ‘पाटे वाढवून देतो, काळजी नको.’ पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवल्याने गाडी बसणार नाही हे मान्य, परंतु ब्रेक, टायर आणि आरसीवरचा आकडा आहे तेथेच राहतात. ७०० लिटरची टाकी घेतल्यास बेरीज १,२६० वर येते आणि ८० किलो शिल्लक राहतात, पण मग पाणी जेमतेम पाऊण तास पुरेल. कोणी ७०० लिटरवर व्यवसाय करत असल्यास अनुभव सांगावा.

याला जोडूनच दुसरी भीती अर्धवट भरलेल्या टाकीची. मागील वर्षी कसारा घाट उतरताना ५०० च्या टाकीत निम्मे पाणी होते. ब्रेक दाबला तेव्हा गाडी थांबली, पाणी थांबले नाही, आणि मागून आलेल्या धक्क्याने आम्ही दीड-दोन फूट पुढे सरकलो. नुकसान झाले नाही, तरी ते विसरता येत नाही.

इंजिनच्या जागेबाबत मी अधिक गोंधळलो आहे. फॅब्रिकेटर ते कॅबिनच्या पाठीशी, बॉडीच्या आतल्या टोकाला बसवून धुराड्यासाठी पत्र्याला एक भोक पाडू म्हणतो, कारण त्यामुळे मागचा भाग मोकळा राहतो. बंद डब्यात पेट्रोल इंजिन चालणार, धूर थोडाफार आत राहणार आणि मुले रील गुंडाळायला आत-बाहेर करणार, हे मला पटत नाही.

आणखी दोन गोष्टी. आधीच्या पंपाचे व्हॉल्व्ह आणि सील आठ महिन्यांत गेले. टाकीपासून पंपापर्यंत पाऊण इंची पाइप, तोही वळसे घालून आणलेला होता. तेच कारण असावे का? तसेच आरसीवर बॉडीचा प्रकार ‘ओपन’ असा आहे. कंटेनर आधीच्या मालकाने नोंद न करता चढवलेला दिसतो. गरम पाण्याच्या यंत्रासाठी आताच तजवीज करावी का, हेही कळवावे.

प्रतिसाद १

आपली बेरीज बरोबर आहे. ७०० लिटरच घ्यावी, मात्र एक टाकी न घेता ३५० च्या दोन घ्याव्यात. त्या डावी-उजवीकडे न ठेवता मध्यरेषेवर एकामागे एक, मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे बसवाव्यात आणि एक पूर्ण रिकामी झाल्याखेरीज दुसरीचा व्हॉल्व्ह उघडू नये. तसे केल्यास परतीच्या वाटेवर अर्धवट भरलेली टाकी फार तर एकच असते आणि पाण्याला धावायला जागा निम्मीच उरते. आत भोकांच्या आडव्या पट्ट्या बसवता आल्या तर उत्तमच. गच्चीवरची टाकी एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली असते, त्यामुळे ती आणल्यास चारही बाजूंनी सांगाडा हवाच. सांगाडा चेसिसला यू-क्लॅम्पने धरावा. चेसिसवर वेल्डिंग करू देऊ नये.

इंजिनबाबत आपली शंका अगदी रास्त आहे. धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन मागच्या दाराशी, दारे पूर्ण उघडून चालवावे, धूर लोखंडी नळीने बॉडीबाहेर काढावा आणि पुढच्या बाजूला हवा आत येण्यासाठी जाळी ठेवावी. नाहीतर इंजिन स्वतःचीच गरम हवा ओढत राहील.

प्रतिसाद २

पंपाचे कारण बहुधा तोच पाइप आहे. ओढीच्या बाजूला पाणी कमी पडले की पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि व्हॉल्व्ह व सील खातात. टाकीचे तोंड पंपापेक्षा वर ठेवून सव्वा इंची, शक्य तितका सरळ पाइप आणावा. गनचा खटका सोडल्यावर अनलोडरमधून (पंपाचे पाणी परत वळवणाऱ्या व्हॉल्व्हमधून) परतणारे पाणी पंपाच्या तोंडाशी न जोडता टाकीत सोडावे, कारण तेच पाणी फिरत राहिले तर काही मिनिटांत तापते.

गरम पाण्याची जागा तेवढी राखून ठेवावी. मिनिटाला १५ लिटर पाणी ५० अंशांनी तापवायला सुमारे ५२ किलोवॅट उष्णता लागते, म्हणजे तासाला साधारण सहा लिटर डिझेल. त्यात बोअरच्या जड पाण्याने कॉइलमध्ये क्षार साचतात ते वेगळेच. पॅकहाउसच्या फरशीवरचा द्राक्षाचा चिकट रस थंड पाण्यानेही निघतो.

आरसीचे काम मात्र लोखंड कापण्यापूर्वी करावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदवावा लागतो. नोंद नसेल तर पासिंगला गाडी अडकते आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला आयतेच निमित्त मिळते.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सोमवारी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन बॉडीच्या नोंदीची चौकशी करतो. तोवर फॅब्रिकेटरला थांबायला सांगितले आहे, तो नाराज आहे. ३५० लिटरच्या, आतून आडव्या पट्ट्या असलेल्या टाक्या अंबड किंवा सिन्नरकडे कोणी बनवून देत असल्यास आणि प्लास्टिक घ्यावे की स्टील याबद्दल कोणाचा अनुभव असल्यास कृपया लिहावे. स्टीलचे वजन धरले तर माझे ८० किलो शिल्लक राहतात की नाही, हे पुन्हा काट्यावर पाहावे लागेल.