मदत हवी आहे: आयसीयूतल्या स्टाफचे मोबाईल नक्की कशाने आणि कधी पुसायचे?

नमस्कार मंडळी. मी आयसीयूत सिस्टर आहे आणि युनिटचं इन्फेक्शन कंट्रोल सध्या माझ्या गळ्यात पडलंय. हात धुवा हात धुवा म्हणून घसा बसलाच होता, त्यात आता हे मोबाईलचं दुखणं. काल एका ज्युनियर डॉक्टरने पेशंटचं सक्शन (नळीने कफ ओढून काढणं) झाल्यावर त्याच ग्लोव्हजने खिशातून फोन काढला, एबीजीचा (रक्तातल्या ऑक्सिजन-आम्लतेच्या तपासणीचा) रिपोर्ट बघितला, फोन परत खिशात, मग ग्लोव्हज काढून हात अगदी बेचक्यांसकट छान रब केले आणि दोन मिनिटांत फोन वाजल्यावर त्याच स्वच्छ हाताने तोच फोन कानाला आणि तिथून थेट पुढच्या बेडवर. आता बोला!

फोन आणूच नका म्हणता येत नाही, रिपोर्ट, कॉल, डोसचा हिशोब सगळं त्यावरच आहे. पुसायला सांगितलं तर कोणी सॅनिटायझर थेट स्क्रीनवर फवारतं (एकीचा स्पीकर त्यातच घोगरा झाला), कोणी हाताचं जेल चोळतं मग फोन चिकट. अल्कोहोलने स्क्रीन खराब होते का? यूव्हीचा (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) डबा घ्यावा असं वरून चाललंय, त्याचा उपयोग होतो का? आणि दिवसातून किती वेळा पुसायचा?

— — —

ताई, पहिलं म्हणजे फवारणं बंद करा. ७०% आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे वाइप्स घ्या, अ‍ॅपलसुद्धा आयफोनला ते चालतात म्हणतं, ब्लीच आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र नको म्हणतं. ९९% वालं आणू नका, स्ट्राँग म्हणून भारी वाटतं पण ते झटकन उडून जातं आणि जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच. फोन बंद करून, कव्हर काढून पुसायचा, आणि पुसल्या पुसल्या टिश्यूने कोरडा करायचा नाही, पाकिटावर दिलाय तेवढा वेळ तो ओला दिसला पाहिजे. बहुतेक लोक इथेच घाई करतात. स्क्रीनवर बोटांचे डाग पडू नयेत म्हणून एक थर असतो तो पुसून पुसून हळूहळू जातो हे खरं, त्यावर स्क्रीनगार्ड लावा, चरे पडले की बदला. लेदरचं किंवा कापडी कव्हर वॉर्डात नकोच.

एक लक्षात ठेवा, सी डिफच्या (जुलाब करणारा आतड्यातला जंतू) पेशंटकडे हे सगळं फुकट, त्या जंतूच्या स्पोअर्सना, म्हणजे टणक कवचाच्या बीजाणूंना, अल्कोहोल काही करत नाही. तिथे फोन बाहेर ठेवूनच आत जायचं, आणि बाहेर आल्यावर हातही साबण-पाण्यानेच.

— — —

यूव्हीबद्दल: किरण जिथे पडतात तिथलेच जंतू मरतात. कॅमेऱ्याची कड, बटणांच्या फटी, वर साचलेला चिकट थर, तिथे सावलीच. त्यामुळे डबा आला तरी आधी पुसणं सुटत नाही. माझं मत विचाराल तर त्या पैशात बेडजवळ वाइप्स ठेवा.

आणि किती वेळा हा प्रश्नच जरा चुकतोय असं वाटतं. ड्युटीवर येताना, जेवायला जाताना आणि घरी निघताना पुसा, पण पुसलेला फोन पुढच्या स्पर्शाला परत तसाच होतो ना. स्टॅफ ऑरियससारखा जंतू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस टिकतो, अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा आयसीयूतला दुसरा जंतू तर आठवडे. म्हणून फोनला हात लागला की पेशंटला शिवायच्या आधी परत हँडरब, आणि ग्लोव्हज हातात असताना फोनला हात नाही म्हणजे नाही. तुमच्या त्या डॉक्टरांचं गाडं तिथेच अडलं.

— — —

खूप आभार दोघांचे. ग्लोव्हजचा नियम उद्याच्या हँडओव्हरलाच सांगते, वाजला तर वाजू दे, वॉर्डाचा फोन आहे की. वाचता वाचता सहज माझ्या फोनचं कव्हर काढलं तर आत कडेने काळपट रेघ आणि मायक्रोपोर चिकटपट्टीचा एक तुकडा चिकटलेला, कधीचा कोण जाणे. आधी ते साबणाने धुवून येते.